नव्या भाताचा पहिला घास

गेल्या वर्षी दिवाळीनंतर, गावोगावी मंडईच्या जत्रा भरत होत्या त्या दिवसांत, माझ्या थोरल्या बहिणीने जेवण सोडलं. आम्ही दोघी पवनीजवळच्या एका वृद्धाश्रमात एकाच खोलीत राहतो. जेवण का सोडलं हे तिने कोणालाही सांगितलं नाही. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. मलाही सापडलं नाही.

थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. बाईचं वय ऐंशीच्या पुढे आहे. लग्नानंतरचं सगळं आयुष्य तिने लाखनीकडच्या एका गावात धानाच्या शेतीत काढलं. मूलबाळ नाही. यजमान गेल्यावरही ती बरीच वर्षं एकटी राहिली. गुडघे पार गेले तेव्हा ते जमेनासं झालं. मी लग्न केलं नाही. नागपूरच्या एका दैनिकात जिल्ह्यांतून आलेल्या बातम्या तपासून छापायला देण्याचं काम मी निवृत्तीपर्यंत केलं. गेल्या वर्षीच्याच उन्हाळ्यात आम्ही दोघींनी मिळून इथे यायचं ठरवलं. आम्हाला कोणी आणून सोडलेलं नाही. हे आधीच सांगते, कारण वृद्धाश्रम म्हटलं की ऐकणारा पहिल्यांदा दोषी कोण ते शोधतो.

आश्रम चांगला आहे. चादरी धुतलेल्या असतात, औषधं वेळेवर मिळतात, न्हाणीघरात धरायला दांडे लावलेले आहेत. वऱ्हांड्यात बसलं की फाटकासमोरचा रस्ता आणि पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, दिसतात. रंजना सिस्टर नावाची परिचारिका सगळ्यांचं पाहते. ती इथलीच, पवनीच्या अलीकडच्या गावची; तिच्या टेबलावर बुद्धाची लहानशी मूर्ती आहे आणि शेजारी रक्तदाब मोजायचं यंत्र. ती हसतहसत रागावते आणि तिचं सगळे ऐकतात. इथे काही मागावं लागत नाही. मागण्याआधी मिळतं. पुष्कळ दिवस मला हे आश्रमाचं मोठेपण वाटत होतं, आणि ते आहेच. त्याची दुसरी बाजू मला नंतर दिसली. जिथे आपल्याला मागावं लागत नाही, तिथे आपल्याकडेही कोणी काही मागत नाही. स्वयंपाकघरात जायची राहणाऱ्यांना मनाई होती, भाजण्या-पडण्याची भीती म्हणून. सभागृहाच्या टोकाला देवघर होतं, महादेवाची पिंड आणि देवीची तसबीर; तिथला दिवाही पहारेकरी लावायचा. आयुष्यभर पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या बायका इथे घंटा वाजेपर्यंत खाटेवर बसून असायच्या.

ज्या दुपारी हे सुरू झालं तो दिवस मला आठवतो. ताटं आली. बाईने ताट पुढे ओढलं, भात बोटांनी चिवडला, जरासा नाकाजवळ नेला. मग ताटाला हात जोडले आणि ते मागे सारलं. पोट भरलं असेल असं मला वाटलं. रात्री तेच झालं. दुसऱ्या दिवशी तिने वरण प्यायलं, भात ठेवला. बाईला दात नाहीत, त्यामुळे पोळी-भाकरीचा प्रश्न नव्हता. आमच्या भागात जेवण म्हणजे भातच. सिस्टरने पेज करून आणली, तीही नको झाली. एकदा रव्याची खीर दिली तेव्हा चार घास गेले. आम्ही खूश झालो, आणि गोडाची इच्छा असेल असं ठरवून मोकळे झालो. पुढे तिची खायची वासनाच गेली. चहा आणि वाटीभर पाणीदार वरण, एवढ्यावर ती येऊन थांबली. विचारलं की एकच उत्तर, भूक नाही.

डॉक्टर आले, रक्त तपासलं. भंडाऱ्याला नेऊन घशातून दुर्बीण घालून पाहिली. अन्न उतरायला अडथळा नव्हता. या वयात माणसं मनाने खचतात आणि खाणं सोडतात, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. ते चुकीचं बोलत नव्हते. अशी माणसं मी या आश्रमातच पाहिली होती. बाई मात्र खचलेली दिसत नव्हती. ती वऱ्हांड्यातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायची आणि कोणी हाक मारली की अगदी शांतपणे ओ द्यायची. एका सकाळी न्हाणीघराच्या दारात तिला भोवळ आली. सिस्टरने धरलं म्हणून हाड वाचलं. त्यानंतर सलाईन लागलं, आणि दोन दिवसांनी डॉक्टरांनी नाकातून नळी घालण्याचा विषय काढला.

नळी असलेल्या माणसाची देखभाल करायची सोय आश्रमात नव्हती. तिला भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवावं लागणार होतं, आणि तिथून ती परत कधी येईल हे कोणी सांगू शकत नव्हतं. होकार मी द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येणार होती. मी बाईला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मले कोठी नेऊ नको, लहाने. येथंच राहू दे.” ती मला लहानी म्हणते. माझी सत्तरी जवळ आली आहे.

मी देव मानत नव्हते असं नाही. मानत होते असंही म्हणता येणार नाही. कामाच्या सवयीने मला एक गोष्ट पक्की शिकवली होती, की प्रत्येक घटनेला कारण असतं आणि नीट विचारपूस केली की ते सापडतं. सगळ्यांना विचारून झालं होतं. स्वयंपाकिणीला, सिस्टरला, डॉक्टरांना, फोनवर बाईच्या पुतण्यांना. खुद्द बाईला तर रोज. त्या दुपारी सगळे झोपलेले असताना मी देवघरात जाऊन बसले. नवस बोलावा असं मनात आलं, पण काय बोलावं हे सुचेना. शेवटी मनात म्हटलं, मला कळायचं ते कळलं नाही, आता तू पाहा. यापेक्षा मोठी प्रार्थना मला करता आली नाही. काही झालं नाही. पंखा फिरत होता, पिंडीवरचं बेलाचं पान वाळलेलं होतं. थोड्या वेळाने मी उठून वऱ्हांड्यात बाईपाशी येऊन बसले.

चहाची वेळ व्हायची होती. फाटकासमोर धानाची पोती भरलेल्या ट्रॉलीसह एक ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीचा टायर बसला होता. चालवणारा माणूस खाली उतरून चाकाभोवती फिरला, कोणाला तरी फोन लावला आणि रस्त्याने येणाऱ्या मोटारसायकलवर बसून पवनीच्या दिशेने गेला. त्याची बायको पाण्याची कॅन घेऊन फाटकातून आत आली. चाळिशीची, डोक्यावर टॉवेल, साडीला भुसा लागलेला. नाव सुनंदा, हे तिने पाणी पितापिता सांगितलं. वऱ्हांड्याच्या पायरीवर ती टेकली.

बाई भिंतीकडे तोंड करूनच होती. ट्रॅक्टरचा आवाज थांबला तेव्हा तिने कूस बदलली. आता ती सुनंदाच्या साडीवरच्या भुशाकडे पाहत होती. मग तिने विचारलं. गेल्या कित्येक दिवसांत तिने आपणहून कोणाला विचारलेली ती पहिली गोष्ट होती.

“नवं झालं का वो तुमचं?”

नवं म्हणजे नव्या तांदळाचा पहिला भात. कापणी-मळणी झाली की घरचे नवे तांदूळ शिजवायचे, देवाला, चुलीला आणि गाईला घास द्यायचा, मग घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने पहिला घास घ्यायचा. त्यानंतर बाकीच्यांनी. तोवर घरात जुनाच तांदूळ शिजतो. बाईच्या सासरी हे असंच होतं; सासू गेल्यापासून गावातल्या भाऊबंदांतही तो पहिला घास बाईकडे आला होता. मी शिक्षणासाठी लहानपणीच घर सोडलं. पुढे कापणीच्या दिवसांत मी नेहमी नागपुरात कामावर असायची. नवं हा शब्द मला माहीत होता. त्याचं वजन माहीत नव्हतं.

“नाई ना माय,” सुनंदा म्हणाली. “सासू करत होती. ते उन्हाळ्यात गेली. आता घरात मोठं कोनीच नाई. तांदूर कुटून बांधून घेतले. धान मिलवर टाकावं अन् तसंच माहेरी जाऊन मायच्या हातानं करावं म्हटलं. पोरं घरी विचारून राहिले, नवा भात कधी.”

बाई हळूहळू उठून बसली. “आमचंबी नाई झालं,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. चिवडलेला भात, नाकाजवळ नेलेला घास, जोडलेले हात, आणि चाललेली रव्याची खीर. सगळं तिथेच माझ्यासमोर होतं. दिवाळीनंतर जवळच्या गावचा एक शेतकरी आश्रमाला दरवर्षी नव्या तांदळाची पोती देतो. बाईने पहिल्यांदा ताट मागे सारलं त्याच दुपारी पहिलं पोतं फुटलं होतं. मी विचारलं, बाई, म्हणून जेवत नाहीस?

ती माझ्यावर रागावली नाही. “देवाच्या आंधी मी कशी खाऊ?” म्हणाली. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस. त्यावर ती जराशी ओशाळली. “दुसऱ्याचं घर हाये, लहाने. देते ते खावं, नाई तर गुमान राहावं. आपुन काहून सांगावं?”

चहाचे कप घेऊन आलेली रंजना सिस्टर दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ट्रे खाली ठेवून ती बाईसमोर येऊन बसली. “आजी, मी सलाईन लावून राहिली अन् तुमी नवं धरून बसल्या? मले एक शब्द सांगाले काय झालं होतं?” ती रागावली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्या घरी नवं करत नाहीत, म्हणून तिच्या लक्षात आलं नव्हतं. स्वयंपाकीण नवं पाळणाऱ्या घरातली. तिला वाटलं, तांदूळ देणाऱ्याने आपल्या घरी नवं करूनच पोती पाठवली असणार. तांदूळ देणाऱ्याला, हे मी नंतर विचारलं तेव्हा, वाटत होतं की आश्रमात देवघर आहे, तिथे नैवेद्य होतच असेल. दोघांनीही चांगल्या मनाने दुसऱ्यावर सोडलं होतं. पलीकडच्या खोलीतले निवृत्त शिक्षक, गुरुजी, काठी टेकत आले आणि त्यांनी सांगितलं की इथे आल्यावर पहिल्या वर्षी आपणही तो भात डोळे मिटून, मनात माफी मागून खाल्ला होता. मग आणखी दोघी-तिघींनी तेच सांगितलं. इतकी वर्षं एवढी माणसं एकाच पंगतीत बसून, एकमेकांना न सांगता, मनात माफी मागत होती.

सुनंदाने कॅन बाजूला ठेवली आणि ट्रॉलीवरून एक फडक्यात बांधलेली पुरचुंडी आणली. ती बाईच्या मांडीवर ठेवून म्हणाली, “मंग तूच कर ना माय. माहंबी अन् तुमचंबी.”

बाई म्हणाली, मी तुझ्या घरची नाही.

“घरची आता कोन हाये?” सुनंदा म्हणाली. “माय काय, तू काय.”

बाईने पुरचुंडी उघडली, तांदळाचे दाणे तळहातावर घेऊन पाहिले आणि सिस्टरकडे गरम पाणी मागितलं. आश्रमात आल्यापासून तिने मागितलेली ती पहिली वस्तू असावी. हातपाय धुऊन तिने धुतलेलं लुगडं नेसलं. सिस्टरने स्वयंपाकघराचं दार उघडलं, खुर्ची आत नेली आणि बाईला तिच्यावर बसवलं. नियमाचं काय, असं स्वयंपाकिणीने विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाली, नियम बाहेर बसला आहे, चहा पिऊन राहिला आहे. पाणी किती, आधण कधी, झाकण केव्हा काढायचं, हे सगळं बाई खुर्चीवरून सांगत होती आणि तिचा आवाज शेवटपर्यंत नीट ऐकू येत होता. गुरुजींनी कुंपणालगतच्या पळसाची पानं आणवून काड्यांनी पत्रावळ टाचली. मग सगळ्यांत मोठं कोण यावर वाद निघाला. गुरुजींचं म्हणणं, बाईपेक्षा आपण मोठे. बाई म्हणाली, “मोठे असान तर तुमीच करा. भात कसा शिजवाव ते ठाऊक हाये का?”

“खाव कसा ते ठाऊक हाये,” गुरुजी म्हणाले, आणि मोठेपण बाईकडे गेलं.

पहिला घास पिंडीसमोर ठेवला. दिवा बाईने स्वतः लावला. पहारेकऱ्याने काडेपेटी आपणहून तिच्या हातात दिली. चुलीचा घास कुठे द्यायचा हा प्रश्न आला, कारण आश्रमात गॅस आहे. बाईने क्षणभर विचार केला आणि चार शितं जळत्या शेगडीच्या कडेला ठेवली. गाईचा घास रस्त्यापलीकडे चरणाऱ्या गाईला सुनंदा देऊन आली. रंजना सिस्टर चपला काढून मागे हात जोडून उभी होती. बाईने डोळे मिटले, ओठांत काही म्हटलं आणि पहिला घास घेतला. तो गिळताना मी तिच्या गळ्याकडे पाहत होते. तो उतरला. मग तिने दुसरा घास सुनंदाला दिला, तिसरा मला.

माझ्या हातावर तो चिकट, गरम भात होता, वरून चिमूटभर मीठ. तेव्हा माझ्या मनात जे झालं ते सांगायला माझ्याकडे फार शब्द नाहीत. थोड्या वेळापूर्वी मी ज्या पिंडीसमोर हात टेकून उठले होते, तिच्यासमोर आता दिवा जळत होता, माझी बहीण भात खात होती आणि सभागृह माणसांनी भरलेलं होतं. मी उत्तर मागितलं होतं. उत्तर एका परक्या बाईच्या पदराला भुसा होऊन लागून आलं होतं. मी खाली वाकले आणि बऱ्याच वेळाने उठले.

बाईला आणखी भात हवा होता. सिस्टरने पत्रावळ काढून घेतली. इतक्या दिवसांच्या रिकाम्या पोटाला एवढंच पुरे, असं म्हणून. त्यावरून दोघींचं भांडण झालं. तोवर सुनंदाचा नवरा टायर दुरुस्त करणाऱ्याला घेऊन परतला होता. काळ्या हातांनी तो दारात उभा राहिला, तेव्हा बाईने त्याच्या तोंडात घास घातला आणि बायकोला एकटीला रस्त्यात टाकून गेल्याबद्दल त्याला बोलही लावले. निघताना सुनंदाने उरलेल्या भाताचा गोळा पोरांसाठी पानात बांधून घेतला.

सकाळी गाडीबरोबर डॉक्टर आले. बाईने रात्री पेज घेतली होती आणि पहाटे पुन्हा मागितली होती. त्यांनी तिला तपासलं, काही दिवस खाणं हळूहळू वाढवायला सांगितलं आणि नळी नको म्हणाले. गाडी रिकामी परत गेली.

नंतर मी सगळ्याची खातरजमा केली. ती सवय सुटत नाही. सुनंदाच्या गावी जाऊन मी तिच्या घरी चहा घेतला. त्यांचं धान नेहमी जिथे जातं त्या मिलचा पट्टा त्या आठवड्यात तुटला होता, म्हणून ते पवनीला निघाले होते. रोजच्या रस्त्यावर मंडईची गर्दी होती, म्हणून आमच्या रस्त्याने आले. टायरमध्ये खिळा होता. तिच्या नवऱ्याने तो अजून ठेवला आहे, मला दाखवला. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि ते मला सापडलं. ती सगळी कारणं त्याच दुपारी, गाडी यायच्या आदल्या दिवशी, आमच्या फाटकासमोर का जमली, हे मी कोणाला विचारलं नाही. तिथे मी हात जोडते.

शरण जाणं म्हणजे हरणं, असा माझा समज होता. बाई शरण होती म्हणूनच तिने घास नाकारला, आणि शरण होती म्हणूनच तांदूळ समोर आल्यावर क्षणाचाही उशीर न लावता कामाला लागली. तिने कधी देवाला काही विचारलं नाही. तिला फक्त त्याच्या आधी जेवायचं नव्हतं. मला जे मिळालं ते तिच्या या साध्या आग्रहामुळे मिळालं. वय झालेल्या माणसाला जगवायला अन्न आणि औषध लागतंच. आपल्या हातून काहीतरी व्हावं अशी वाट पाहणारं एखादं माणूस, एखादा देव, एखादं पातेलंही लागतं. हे मला त्या दुपारी दाखवून दिलं गेलं, आणि त्याबद्दल मी रोज संध्याकाळी देवघरात जाऊन बसते. मागत काही नाही.

आता आश्रमात नवीन माणूस आलं की रंजना सिस्टर रक्तदाब मोजतामोजता त्याला विचारते, तुमच्या घरी काय पाळतात ते सांगा, मला ठाऊक नसेल तर शिकवा. दिवा ज्याला लावायचा तो लावतो. स्वयंपाकघरात दाराशी दोन खुर्च्या कायमच्या ठेवलेल्या आहेत.

या वर्षीचं नवं मंडईच्या आधी झालं. तांदूळ देणारे शेतकरी स्वतः आले होते. सुनंदा पोरांना घेऊन आली होती. बाईने दिवा लावला, पिंडीसमोर, शेगडीपाशी आणि गाईला घास दिला, आणि मग पहिला घास घेतला. भात थोडा जास्त शिजला आहे, असं तिने स्वयंपाकिणीला सांगितलं. पंगत बसल्यावर तिने दुसऱ्यांदा भात मागून घेतला.